स्वीडनमध्ये सायकल आणि तंबू : आधी मुक्काम ठरवा, किलोमीटर मग

प्रश्न आलाय तो पुण्याच्या एका कुटुंबाकडून. आई, बाबा आणि बारा वर्षांची मुलगी. जुलैच्या मध्यात नऊ दिवस हाताशी आहेत. स्वीडनचा ग्रामीण भाग सायकलीवरून पाहायचा आणि तंबूत राहायचं. पश्चिम किनाऱ्याने रोज 70 किलोमीटर असा बेत कागदावर तयारही आहे. शिवाय दोन शंका: स्वीडनमध्ये कुठेही फुकट तंबू ठोकता येतो हे खरं का, आणि शाकाहारी माणसांनी खायचं काय?

मी सतरा वर्षं योतेबोरीत राहते, म्हणजे तुम्ही ज्याला गोथेनबर्ग म्हणता तिथे. दर उन्हाळ्यात आमची फेरी असतेच, आणि इथल्या मराठी मंडळींपैकी दोन-तीन नवखी कुटुंबंही बरोबर असतात. त्या अनुभवावरून सांगते: 70 चे 30 करा. तुम्ही रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकल मारून येता, दमसास आहे, हे मान्य. पण तिथे तुम्ही घरी परत जाता. इथे पंधरा-वीस किलोचं बिऱ्हाड सायकलीला टांगलेलं असतं, निम्मी वाट खडीची असते, आणि मुलीला वाटेत तीन तळी, एक घोडा आणि आइस्क्रीमचं दुकान दिसतं. ताशी 10-12 किलोमीटर झाले तरी खूप.

खरी गोम वेगळीच आहे. नवखी माणसं पायांमुळे अडत नाहीत, उजेडामुळे फसतात. आपल्याकडे सात वाजले की अंधार सांगतो, थांबा आता. जुलैच्या मध्यात इथे सूर्य पहाटे साडेचारच्या सुमारास उगवतो आणि रात्री दहाच्या जरा आधी मावळतो. पुढे तासभर संधिप्रकाश असतोच. मग 'अजून ऊन आहे, पुढचं तळं गाठू' असं करत साडेनऊ वाजतात. पोटात काही नसतं, तंबूला जागा सापडलेली नसते आणि मुलगी रस्त्याच्या कडेला बसून रडत असते. आमच्या पहिल्या सहलीत मुलीच्या जागी मीच होते. त्यामुळे आमच्याकडे नियम आहे: संध्याकाळी पाचला घड्याळ बघायचं आणि सहाच्या आत जागा पक्की करायची. सूर्य काय म्हणतो ते ऐकायचं नाही.

आता वाट. तुम्ही निवडलेला पश्चिम किनारा म्हणजे काट्टेगाट्लेदेन, हेल्सिंगबोरी ते योतेबोरी, सुमारे 390 किलोमीटर. उत्तम मार्ग आहे, 2015 साली सुरू झाला आणि 2018 मध्ये त्याला युरोपातल्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम सायकलमार्गाचा मान मिळाला. वाऱ्याचा रोख बहुतेक नैऋत्येकडून, म्हणून तो दक्षिणेकडून उत्तरेला करायचा, उलटा नाही. पण जुलैत सगळा स्वीडन सुट्टीवर असतो आणि त्यातला बराचसा या किनाऱ्यावर. बोस्तादला टेनिसची स्पर्धा याच महिन्यात, कॅम्पिंगच्या जागा महिनोन्‌महिने आधी भरलेल्या. किनाऱ्याचे पुष्कळ पट्टे राखीव निसर्गक्षेत्रात येतात, तिथे तंबूला मनाई किंवा वेगळे नियम. ज्यांना रोज संध्याकाळी शांत जागा हवी, आणि तुम्हाला तीच हवी असं तुमच्या पत्रावरून वाटतं, त्यांनी जुलैत तिकडे जाऊ नये. ऑगस्टच्या शेवटी जरूर जा.

तुमच्यासाठी मी योता कालवा सुचवते. तोही सगळा नाही, फक्त पश्चिमेकडचा तुकडा.

हा कालवा वेनर्न तळ्यावरच्या श्योतोर्प गावापासून बाल्टिक समुद्रावरच्या मेमपर्यंत 190 किलोमीटर जातो. त्यातले 87 किलोमीटर माणसांनी खणलेले, बाकीचा रस्ता तळ्यांमधून. 1810 ते 1832 अशी बावीस वर्षं काम चाललं. सुमारे 58 हजार सैनिक कामाला होते, त्यांच्या हातात फावडी, तीही बहुतेक लाकडाची आणि कडेला लोखंडी पट्टी मारलेली. ज्याच्या हट्टाने हे सगळं झालं तो बाल्तसार फोन प्लातेन 1829 मध्येच वारला. त्याला पूर्ण झालेला कालवा काही बघायला मिळाला नाही. मुतालाला कालव्याच्याच काठी त्याचं थडगं आहे. सायकलवाल्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की त्या काळी बोटी बैल आणि माणसं काठावरून ओढत. त्या ओढणाऱ्यांची वाट अजून आहे, पाण्याला लागून, झाडांच्या रांगेखाली, जवळजवळ सपाट. मोटार नाही. वाट चुकायची म्हटली तरी चुकत नाही.

योतेबोरीहून तोरेबूदाला प्रादेशिक गाडी जाते, त्यात जागा असेल तर सायकल घेतात. 'जागा असेल तर' हे शब्द गांभीर्याने घ्या. शुक्रवारी दुपारी तीन सायकली घेऊन फलाटावर उभे राहाल तर दोन गाड्या सोडाव्या लागतील. मंगळवारी सकाळी अकराची गाडी रिकामी असते. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांच्या भरवशावर बेत आखू नका, नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी विचारा. त्याहून सोपं म्हणजे सायकली कालव्याकाठच्या गावातूनच भाड्याने घ्यायच्या. मुलीची उंची सेंटिमीटरमध्ये कळवून तिची सायकल आधी राखून ठेवा, त्या मापाच्या थोड्याच असतात.

भाड्याच्या सायकलीबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. इथल्या साध्या सायकलींना बहुतेक वेळा मागचा ब्रेक पायात असतो. पेडल उलटं फिरवलं की चाक थांबतं. आपल्याला उतारावर पेडल सहज मागे फिरवायची सवय. पहिल्याच उतारावर माझी सायकल कचकन थांबली, मी नाही थांबले. गुडघ्यावरची खूण अजून आहे. दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत अर्धा तास तिघांनीही सराव करा. आणि उजवीकडून चालवा. स्वीडनही पूर्वी आपल्यासारखा डावीकडून जायचा, 3 सप्टेंबर 1967 च्या पहाटे सगळा देश एका झटक्यात उजवीकडे गेला. तुम्हाला ते एका सकाळी जमवायचंय. पंधरा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट कायद्यानेच सक्तीचं आहे. मोठ्यांनी घातलं नाही तर मुलगी विचारणारच.

तोरेबूदा ते श्योतोर्प वीस-बावीस किलोमीटर. हा पहिला दिवस. आपल्या सहलीतली बहुतेक लॉक याच टप्प्यात आहेत. अख्ख्या कालव्यावर 58, त्यातली 21 पश्चिमेकडच्या भागात. लॉक म्हणजे बोटींसाठी पाण्याचा जिना. शाळेत पनामा कालव्याच्या धड्यात आकृती काढली होती, तेव्हा मला काही कळलं नव्हतं. इथे काठावर पोट टेकून झोपलं की दहा मिनिटांत कळतं. बोट खालच्या हौदात शिरते, तिच्यामागे दोन जाडजूड दारं मिटतात. ती सरळ रेषेत मिटत नाहीत, वरच्या पाण्याकडे टोक करून मिटतात, म्हणजे पाण्याचा दाबच त्यांना घट्ट धरून ठेवतो. मग वरच्या दारातल्या झडपा उघडतात आणि पाणी असं उसळतं की बोटीवरची दोरी धरलेली माणसं ओरडायला लागतात. हौद भरतो, बोट दोन-तीन मीटर वर येते, आणि मघाशी जिच्या टपाकडे आपण वरून बघत होतो त्या बोटीतली आजी आता आपल्या शेजारी उभी राहून नमस्कार करते. श्योतोर्पला अशी आठ लॉक आहेत. आमची मुलं तिथे अख्खी दुपार बसली होती. पुढच्या गावाचं आरक्षण होतं ते सोडून दिलं. म्हणून म्हणते, इथे किलोमीटर मोजू नका.

दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने परत तोरेबूदाला. 'परत तीच वाट?' असं प्रत्येक जण विचारतो. उलट दिशेने वाट वेगळी दिसते, हे एक. आणि आदल्या दिवशी जी जागा 'इथे राहायला हवं होतं' म्हणून मागे सोडली असते, तिथे दुसऱ्या दिवशी राहता येतं. तोरेबूदाला लीना नावाची चिमुकली होडी आहे, हाताने दांडा फिरवून कालवा ओलांडायचा. वीसेक मीटरचा प्रवास. मुलीला फिरवू द्या.

तिथून पूर्वेला तोतोर्पपर्यंत पुन्हा पाण्याच्या काठाने. तोतोर्पचं लॉक अजून हाताने चालवतात, वीज नाही. पुढे वीकेन तळं सुरू होतं आणि ओढायची वाट संपते. मग जंगलातून जाणारे छोटे रस्ते, चढउतार, लाल रंगाची लाकडी घरं, आणि बऱ्याच वेळात एखादी गाडी. या सहलीतला हा एकच दमवणारा भाग. तोरेबूदा ते कार्ल्सबोरी 40 ते 45 किलोमीटर होतात, ते दोन दिवसांत करा. मधला मुक्काम वीकेनच्या काठी. त्याचं पाणी पोहण्याजोगं असतं. वेत्तर्न तळं पुढे लागेल, ते इतकं खोल आणि गार की जुलैतही आत गेलेला माणूस शिव्या देत बाहेर येतो. फोर्शविकला कालव्याचं सर्वांत जुनं लॉक आहे, 1813 सालचं, आणि कार्ल्सबोरीला किल्ला. युद्धात राजधानी हलवायची वेळ आली तर राजा, सरकार आणि तिजोरी आत मावावी म्हणून 1819 मध्ये बांधायला घेतला आणि 1909 मध्ये पुरा केला. नव्वद वर्षं! तोवर तोफा बदलल्या, किल्ल्याचं कामच उरलं नाही. आपल्याकडचे गड पाहिलेल्या माणसाला तो बुटका वाटेल, पण तटाची लांबी बघून जीव दमतो.

कार्ल्सबोरीला एक दिवस काही करू नका. मग वेत्तर्नच्या काठाने दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर यू नावाचं गाव. नकाशावर 'ह्यो' वाटेल, पण पहिलं अक्षर मुकं आहे. लाकडी नक्षीच्या घरांचं गाव, जुना धक्का, बाग. तिथून शोवदेला अजून तीसेक किलोमीटर, थोडे चढ, आणि शोवदेहून योतेबोरीची गाडी. सायकली भाड्याच्या असतील तर त्या परत करायला तोरेबूदालाच जावं लागेल हे लक्षात ठेवा. एकूण दीडशे किलोमीटर. नऊ दिवसांना कमी वाटतात ना? जाऊन या, मग बोलू.

अंतर विचारताना एक काळजी. स्वीडिश माणूस अंतर 'मील'मध्ये सांगतो, आणि त्याचा एक मील म्हणजे दहा किलोमीटर. पहिल्या वर्षी एका आजोबांना विचारलं, कॅम्पिंग किती लांब? म्हणाले, दोन मील. माझ्या कानात आपला मैल. म्हटलं, तीन-सव्वातीन किलोमीटर, हसत जाऊ. गेलो. हसत नाही.

आता तंबूचा प्रश्न. 'कुठेही फुकट' हे अर्धंच खरं आहे. आलेमान्सरेत्तेन म्हणजे सर्वजनांचा हक्क: निसर्गात कुणालाही फिरता येतं, मालक कुणीही असो. त्याचा असा वेगळा कायदा नाही, जुना रिवाज आहे. 1994 पासून राज्यघटनेत त्याचा उल्लेख मात्र आहे. शाळेतल्या पोरालाही त्याचं सूत्र पाठ असतं: त्रास द्यायचा नाही, नासधूस करायची नाही. तंबू एका जागी एखाद-दुसरी रात्र. घराजवळ नाही, शेतात नाही, रोपवाटिकेत नाही. 'घरापासून किती मीटर' असं सगळे विचारतात, पण मीटर कुठे लिहिलेले नाहीत. मी असं बघते: त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आपण दिसतो का, आपलं बोलणं त्यांना ऐकू जातं का. दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल तरच. शंका आली तर दार वाजवा. 'एक रात्र तंबू लावू का, सकाळी नऊला जाऊ' एवढं इंग्रजीत विचारलं की बहुतेक वेळा हो म्हणतात, वर पाण्याचा नळही दाखवतात.

आमची चूक सांगते. दुसऱ्या वर्षी जंगलाच्या कडेला छान गवताळ मैदान दिसलं, गुडघ्याएवढं गवत, मऊ, हिरवंगार. कोयनेच्या पठाराची आठवण येऊन आम्ही मधोमध तंबू ठोकला. पहाटे साडेपाचला घरघर ऐकू आली. बाहेर डोकं काढलं तर वीस पावलांवर ट्रॅक्टर उभा, मागे गवत कापायचं यंत्र. शेतकरी खाली उतरला, टोपी काढली, हवेबद्दल दोन वाक्यं बोलला. मग अगदी हळू म्हणाला, "पाऊस यायच्या आत हे कापायचं होतं." ओरडला असता तर परवडलं असतं. आम्ही तासाभराने आवरलं, तेवढा वेळ तो ट्रॅक्टरवर बसून कॉफी पीत राहिला. आमचा तंबू होता तिथलं गवत चपटं झालेलं, यंत्रात येणार नाही असं. ते मैदान नव्हतं, गुरांच्या हिवाळ्यातल्या चाऱ्याचं पीक होतं. स्वीडनमध्ये एकसारखं उंच हिरवं गवत दिसलं की ते कुणाचं तरी पीक असं धरून चाला. तंबूसाठी बघायचं ते जंगलातलं मोकळं, ब्लूबेरीच्या झुडपांमधलं सपाट, किंवा तळ्याकाठचं उंचावरचं.

कालव्याच्या अगदी काठाची जमीन सरकारी कालवा कंपनीची आहे, तिथे पाट्या वाचा. बोटींच्या छोट्या बंदरांत विचारलं तर तंबूची जागा, न्हाणीघर आणि कपडे धुण्याचं यंत्र एका ठिकाणी मिळतं. राखीव क्षेत्रांत आणि राष्ट्रीय उद्यानांत त्या त्या जागेचे नियम, प्रवेशाच्या फलकावर लिहिलेले. माझा हिशेब असा: दोन रात्री रानात, तिसरी कॅम्पिंगमध्ये. तिसऱ्या रात्री गरम पाणी, सामायिक स्वयंपाकघर, फोनची चार्जिंग. तंबूच्या जागेला हंगामात साधारण 200 ते 400 क्रोनर. व्हिसाच्या अर्जाला राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो, 'रानात राहू' असं लिहून चालत नाही, म्हणून निदान काही रात्रींचं आरक्षण आधी करावंच लागतं.

शेकोटीचा मोह टाळा. उघड्या खडकावर तर कधीच नाही, तापून खडक तडकतो आणि ती जखम कायमची राहते. कोरड्या उन्हाळ्यात आग पेटवायला सरकारी बंदी येते. 2018 च्या उन्हाळ्यात जंगलं पेटली होती, तेव्हापासून लोक याबाबत फार हळवे आहेत. आगीच्या धोक्याची माहिती देणारं अ‍ॅप घ्या, रोज सकाळी आपण आहोत त्या जागेची स्थिती बघा.

स्वयंपाकाला स्पिरिटची शेगडी. इथल्या प्रत्येक घरात माळ्यावर एक त्रांगिया पडलेली असते, येम्तलांडमधल्या एका खेड्यातल्या कंपनीची. पितळेचा छोटा वाडगा, त्यात स्पिरिट, भोवती वाऱ्यापासून आडोसा, वर भांडं. मोडण्यासारखं काही नाहीच. मी पहिल्यांदा पेटवली तेव्हा निळ्या ज्योतीच्या वासाने एकदम आजीच्या स्वयंपाकघरात गेले. स्पिरिटमध्ये भिजवलेला काकडा, मग पंप, मग पिन मारणं. तो आपला प्रायमस स्टोव्हही मूळचा इथलाच, 1892 च्या सुमाराचा, स्टॉकहोमचा. आणि तो ज्या काडीने पेटायचा ती अंबरनाथच्या विमकोची, तो कारखाना 1920 च्या दशकात स्वीडिश काडेपेटी कंपनीने काढलेला. यूपासून जवळच टीडाहोल्मला काड्यांचा मोठा कारखाना आहे, आणि वेत्तर्नच्या दक्षिण टोकाला योंशोपिंगमध्ये काडेपेट्यांचं संग्रहालय आहे. असो, शेगडी. स्पिरिट टी-रोड या नावाने पेट्रोलपंपावर मिळतं, विमानातून आणायचं नाही. त्यात दहावा हिस्सा पाणी घातलं की भांड्याला काजळी कमी धरते. आणि जळत्या वाडग्यात वरून स्पिरिट ओतायचं नाही, कधीच नाही. भर उजेडात ज्योत दिसत नाही, विझली असं वाटतं, आणि मग बाटलीच हातात पेटते. झाकण टाकायचं, गार होऊ द्यायचं, बोट लावून बघायचं, मग ओतायचं. हे काम मुलीकडे देऊ नका.

खाण्याची काळजी करताय तेवढी नाही. घरून भाजलेला रवा, थालिपिठाची भाजणी, मेतकूट, पोह्याचा चिवडा, गोडा मसाला आणा. तूप, पेढे, खवा, चीज असं दुधाचं काही आणू नका, युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ताजा कढीपत्ताही घरी ठेवा. इथलं फिल्म्योल्क म्हणजे घट्ट ताकच, मेतकूट-भाताबरोबर झकास. बटाटे, कांदे, वाटाण्याच्या शेंगा, लोणी सगळीकडे. कॉफीबरोबरच्या बनमध्ये इथे सढळ हाताने वेलची घालतात, पहिल्या घासाला तुम्हाला घरचं काहीतरी आठवेल. तेलातुपाचं सोडा, पण भाजणीचं थालिपीठ त्रांगियाच्या तव्यावर जमतं, ज्योत मंद करायचं झाकण अर्धं सरकवलं की. जमत नाही ते पोळीचं. त्याऐवजी क्नेकेब्रोद, म्हणजे राय नावाच्या धान्याचा, कडक भाकरीसारखा पाव. आठवडाभर सायकलवर हादरे खाऊनही त्याला काही होत नाही.

दुकानं मोठ्या गावांत, मध्ये काही नाही. दोन दिवसांचा शिधा बरोबर असावा. रस्त्याच्या कडेला लाकडी टेबलावर स्ट्रॉबेरी, नवे बटाटे, अंडी ठेवलेली दिसतील. विक्रेता नसतो, पैसे फोनवरून 'स्विश' करायचे असतात. स्विशला स्वीडिश बँकेचं खातं लागतं, तुमच्या कार्डाने ते होत नाही, आणि मुलगी स्ट्रॉबेरीकडे बघत राहते. म्हणून थोडी रोख नाणी खिशात ठेवा, एखाद्या टेबलावर डबाही असतो. नसेल तर घराचं दार वाजवा. ब्लूबेरी मात्र फुकट, आणि जुलैच्या मध्यात जंगलात पिकायला लागतात. जांभूळ खाल्ल्यावर होते तशी जीभ होते. मुलीला एक डबा द्या, त्या दिवशी पाच किलोमीटर कमी होतील हे गृहीत धरा. पाण्यासाठी चर्चच्या दफनभूमीत नळ असतो, फुलझाडांसाठी. बहुतेक ठिकाणी पिण्याजोगं, 'पिऊ नये' अशी पाटी आहे का तेवढं बघायचं.

डास येणार, विशेषतः तळ्याकाठी संध्याकाळी. त्यांचा फार बाऊ करू नका. काळजी घ्यायची ती गोचिडीची. इथली गोचीड गुरांवरच्या आपल्या गोचिडीपेक्षा बारीक, तिळाएवढी, उंच गवतातून पायावर चढते. तिच्यापासून बोरेलिया हा जंतुसंसर्ग होतो आणि काही भागांत मेंदूज्वरही. या मेंदूज्वराची लस असते, निदान दोन डोस काही आठवड्यांच्या अंतराने, म्हणून निघायच्या बरंच आधी डॉक्टरांना विचारा. रोज रात्री गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखाली, कानामागे, केसांच्या कडेला तपासायचं. दिसली तर कातडीजवळ चिमट्याने धरून सरळ ओढायची, तेल-बिल लावायचं नाही. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी लाल वर्तुळ पसरत गेलं तर डॉक्टरकडे. सल्ल्यासाठी इथे 1177 हा फोन आहे, तातडीसाठी 112.

सामानात एकच हट्ट धरेन: झोपायची पिशवी चांगली घ्या. दिवसा 20-22 अंश असलं तरी रात्री दहावर येतं, एखाद्या रात्री सात-आठवर. आणि डोळ्यांवर बांधायच्या पट्ट्या तीन. आमच्या मुलाने पहिल्या रात्री पहाटे चारला सगळ्यांना उठवून विचारलं होतं, शाळेला उशीर झाला का. पाऊस नऊ दिवसांत दोन दिवस तरी धरा. आपल्या पावसासारखा नाही तो, मुसळधार तर नाहीच, पण चिकाटीचा. त्या दिवशी कॅम्पिंगमधली एखादी लाकडी खोली मिळते का बघा, भाडं जास्त पडेल पण तंबू वाळेल.

आणि चौथ्या दिवशी मुलगी म्हणाली, मला पुढे जायचं नाही, मला त्या दारांजवळच थांबायचंय, तर कार्ल्सबोरी आणि यू दोन्ही सोडा. श्योतोर्पलाच राहा. गाडी तोरेबूदाहूनही सुटते.